बोनेट उघडायला भीती, वायर कापायला नाही

नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही दारात आली की दोन सल्ले हमखास मिळतात. "कशालाही हात लावू नकोस, वॉरंटी जाईल" हा पहिला. "चल, दुकानात जाऊन गार्ड, एलईडी आणि मोठे टायर टाकून घेऊ" हा दुसरा. दोन्ही सल्ले देणारा माणूस बहुधा एकच असतो. एसीचा फिल्टर बदलायला तो सर्व्हिस सेंटरची तारीख घेतो आणि हेडलाइटचं वायरिंग मात्र रस्त्याच्या कडेला उभं राहून बिनधास्त कापू देतो. व्हायला हवं ते नेमकं उलट.

मुळात ही गाडी काय आहे ते आधी पाहू. लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचं १,२०० सीसी किंवा डिझेलचं १,५०० सीसीपर्यंत असेल, तर जीएसटी कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५पासून हा दर १८ टक्के आहे, मोठ्या गाडीला ४० टक्के. हा वर्ग आपल्याकडे फोफावला तो करातल्या अशा सवलतीमुळे. थार, बोलेरो निओ असे अपवाद सोडले तर या गाड्या मोनोकॉक (वेगळी चेसिस नसलेल्या) बांधणीच्या, पुढच्या चाकांवर ओढल्या जाणाऱ्या आणि जमिनीपासून साधारण २०० मिलिमीटर उंच असतात. म्हणजे अंगकाठी एसयूव्हीची, हाडं हॅचबॅकची. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही आणि मग मालक तिच्याकडून जीपची कामं करून घ्यायला बघतो.

"घरी हात लावला की वॉरंटी गेली"

गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल उघडून बघा. वायपरचं रबर, फ्यूज, काही बल्ब, चाक बदलणं, वॉशरचं पाणी भरणं, हे सगळं मालकानं कसं करायचं ते कंपनीनंच चित्रांसह दिलेलं असतं. ज्याची कृती स्वतः छापून दिली, त्यासाठी कंपनी वॉरंटी कशी काढून घेईल?

बाहेरच्या गॅरेजबद्दलची भीतीही तपासून घेण्यासारखी आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुट्या भागांच्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, बाहेरच्या चुकीच्या कामानं जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारा, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या आणि वाद बरीच वर्षं चालला, पण त्यातलं तत्त्व व्यवहारात उपयोगी आहे: बिघाडाचा आणि तुमच्या कामाचा संबंध आहे का, हा खरा प्रश्न. केबिन फिल्टर बदललात म्हणून गिअरबॉक्सचा दावा नाकारता येत नाही. डॅशकॅमसाठी मूळ वायर सोलून जोड दिलात आणि पुढे त्याच सर्किटमध्ये बिघाड झाला, तर मात्र तुमची बाजू लंगडी पडते. म्हणून कापाकापी न करता कपलरला कपलर जोडायचा किंवा फ्यूज बॉक्समधून वेगळ्या फ्यूजसह वीज घ्यायची. आणि वॉरंटीच्या काळातली ठरलेली सर्व्हिस चुकवायची नाही. बिलं जपून ठेवली तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

"एसीचा गॅस दरवर्षी भरावा लागतो"

एसीचं सर्किट बंदिस्त असतं. त्यातला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो लक्षात येण्याइतका कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं बिल आत्ताच फाडून ठेवणं. आधी एवढंच बघा: हवा गार आहे पण जोर नाही, की जोर आहे पण हवा गार नाही? जोर नसेल तर बहुतेक वेळा दोषी असतो तो केबिन फिल्टर.

तो बदलण्याचं काम घरचंच. बऱ्याच मॉडेलांत फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करायचा, दोन्ही बाजूंच्या भिंती आतल्या बाजूला दाबून अडकण सोडवायची, एका बाजूला छोटी दोरी किंवा दांडी असेल तर ती काढायची, की तो खाली लोंबतो. मागे एक आडवं झाकण दिसतं. दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबल्या की ते निघतं. आतून येणारा फिल्टर पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्काच बसतो: घड्यांत सुकलेली पानं, डासांचे पंख आणि राखाडी लोकरीसारखी धूळ. नवा बसवताना त्याच्या कडेवरचा बाण बघा. हवा कुठल्या दिशेनं वाहणार ते तो सांगतो, आणि उलटा बसवलेला फिल्टर ही गॅरेजमध्येही सर्रास होणारी चूक आहे. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा लावू नका.

"सनरूफ गळतोय, सिलिकॉन मारून घ्या"

गेल्या काही वर्षांत या वर्गात सनरूफचं वेड लागलं आणि पावसाळ्यात छताच्या कापडावर पिवळे डाग पडायला लागले. दुकानदार रबराला दोष देतो आणि कडेनं सिलिकॉन भरून देतो. खरी गोष्ट अशी की सनरूफ पूर्ण पाणीबंद असावा अशी त्याची रचनाच नसते. काचेच्या कडेनं थोडं पाणी आत येणार हे गृहीत धरून खाली पन्हाळी दिलेली असते. तिच्या कोपऱ्यांत भोकं असतात आणि तिथून निघालेल्या नळ्या खांबांच्या आतून पाणी गाडीखाली सोडतात. गाडी गुलमोहराखाली किंवा कडुनिंबाखाली उभी राहत असेल तर त्या भोकांत पाकळ्या, काड्या आणि मातीचा बोळा बसतो. पन्हाळी भरते आणि पाणी छताच्या अस्तरावर ओघळतं.

मे महिन्याच्या शेवटी सनरूफ उघडा, ओल्या फडक्यानं पन्हाळी पुसा आणि पुढच्या कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळूहळू ओता. पुढच्या चाकाच्या आसपास खाली धार लागली तर मार्ग मोकळा आहे. पाणी तिथंच साचून राहिलं तर माशाच्या गळाची जाड नायलॉन दोरी अलगद आत सारा. तार घालू नका, नळीला भोक पडतं. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका, कारण त्या जोरानं नळी आतल्या जोडातून निसटू शकते आणि पुढचं पाणी थेट गालिच्याखाली, वायरिंगच्या जुडग्यांपाशी जातं. सनरूफ नसलेल्यांनी वायपरच्या खालची जाळी साफ करावी. तिथल्या पानांनीही हाच घोटाळा होतो.

"आपल्याकडे उष्णता जास्त, ऑइल जाडच हवं"

मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय, पण मेकॅनिक म्हणतो की हे थंड देशांचं, आपण २०डब्ल्यू-५० टाकू. 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा, आणि त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट आहे यावरून ठरतो. इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट ते ठरावीक तापमानात राखतो. नागपूरचा मे असो की महाबळेश्वरचा डिसेंबर, आतल्या ऑइलला फार फरक पडत नाही. अरुंद वाटांसाठी आखलेल्या इंजिनात जाड ऑइल घातलं तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला ते वरपर्यंत उशिरा पोचतं आणि ॲव्हरेजही घटतं. बीएस-६ डिझेलमध्ये धुराड्यात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. तिथं कमी राख सोडणारं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल लागतं, नाहीतर तो फिल्टर राखेनं कायमचा भरत जातो. डिझेलचं ऑइल हजार किलोमीटरांत काळं झालं म्हणून घाबरू नका. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

ऑइल घरी बदलावं का? माझं मत, नको. काम अवघड नाही, पण निघालेलं चार लिटर काळं ऑइल कुठे टाकणार? सोसायटीच्या गटारात ते जाता कामा नये. डिपस्टिक मात्र महिन्यातून एकदा जरूर बघा.

टायर: हवा आणि हौस

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल." हा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि त्या वाकण्यानंच तापतो. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या काँक्रीटवर तासन्‌तास १२०च्या वेगानं जाताना नेमकी हीच उष्णता टायरचे थर सोडवते. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या अंगावर छापलेला असतो तो कमाल दाबाचा आकडा, तो भरायचा नसतो. मोजायचं टायर थंड असताना. धावून तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसले तर ती जास्तीची हवा काढू नका. नायट्रोजनला माझा विरोध नाही, पण साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो. पैसे टाकायचे तर एका चांगल्या गेजवर टाका.

आता हौसेचा भाग. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सॉनेट यांच्या वरच्या व्हेरियंटना २१५/६० आर१६ मापाचे टायर येतात. त्या टायरचा व्यास होतो सुमारे ६६४ मिलिमीटर. २१५/६५ आर१६ टाकले तर तो ६८६ होतो. गाडी २२ नव्हे, अकराच मिलिमीटर उंच होते, कारण वाढलेल्या व्यासाचा निम्माच भाग ॲक्सलच्या खाली येतो. बदल्यात स्पीडोमीटर सुमारे तीन टक्के कमी वेग दाखवतो, पिकअप जरा मंदावतो आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर आतल्या अस्तराला घासण्याची शक्यता निर्माण होते. १७ इंची अलॉयवर २१५/५५चा टायर व्यासाला जवळपास जुळतो, पण रबराची भिंत १२९ मिलिमीटरवरून ११८वर येते. ती अकरा मिलिमीटर आपल्या खड्ड्यांसाठीच होती.

हेडलाइट, गार्ड, सीट कव्हर

एच४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती खालचा प्रकाश अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत झोत जात नाही. रिफ्लेक्टरची सगळी वळणं त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून आखलेली असतात. तिथं बाजारातला एलईडी खोचला की प्रकाशाचा उगम जरासा हलतो आणि सगळी आखणी विस्कटते. गाडीसमोर दहा मीटरवर लख्ख दिसतं, म्हणून मालक खूश. दूरवर अंधार, आणि समोरून येणारा आंधळा. ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचे बल्ब टाकले तर करंट जवळपास पावणेदोन पट होतो आणि होल्डर वितळतो. आधी काच पिवळी पडली आहे का बघा, पॉलिश किटनं ती घरी साफ होते. डॅशबोर्डवर शून्यापासून पुढचे आकडे असलेली छोटी चकती असेल, तर डिकी भरलेली असताना आकडा वाढवा म्हणजे झोत खाली येतो. ही चकती कशासाठी आहे हे अनेकांना गाडी विकेपर्यंत कळत नाही.

पुढच्या लोखंडी गार्डबद्दल वाद नको. गाडीचं नाक चुरगळण्यासाठीच बनवलेलं असतं आणि एअरबॅगचे सेन्सर त्या चुरगळण्याच्या हिशोबानं बसवलेले असतात. गार्डनं धक्का थेट सांगाड्यात गेला की तो हिशोब चुकतो. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयानं राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ मापांत फेरफार करू देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं.

सीट कव्हरचा धोका तर कुणाच्या डोक्यातही येत नाही. सहा एअरबॅगच्या गाडीत बाजूच्या एअरबॅग बहुधा पुढच्या सीटच्या कडेत असतात, तिथं छोटं लेबलही असतं. जाड लेदरेटचं घट्ट कव्हर चढवलं की सहातल्या दोन शिवून टाकल्या असं समजा. घ्यायचंच तर त्या कडेला मोकळी जागा किंवा फाटणारी शिवण असलेलं घ्या.

उरलेलं थोडक्यात

ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली की टॉप-अप करू नका, आधी पॅड बघा. पॅड झिजले की पातळी उतरतेच. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर त्याची हमी १५५पर्यंतच. आंबा किंवा वरंधा घाट उतरताना हा फरक पायाखाली जाणवू शकतो. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं, पण एबीएसच्या गाडीत हे काम गॅरेजचं.

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तरी मग ठिणगी उडत नाही. ऑटो स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीला साधी बॅटरी टाकू नका, ती लवकर बसते. आणि डिकीतला जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये.

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्वस्त ओबीडी स्कॅनर घ्यायला हरकत नाही, पण तो देतो ते लक्षण, निदान नव्हे. पी०४२० कोड आला की लोक महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला निघतात, आणि दोष कधी ऑक्सिजन सेन्सरचा निघतो, कधी सायलेन्सरच्या फुटलेल्या जोडाचा.

आणि पाणी. २०० मिलिमीटरची उंची खड्ड्यासाठी आहे, तुंबलेल्या सबवेसाठी नाही. इंजिन हवा कुठून ओढतं ती जागा बोनेट उघडून एकदा बघून ठेवा. पुढच्या गाडीनं उठवलेली लाट तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर घ्यावं लागतं. गाडी ढकलून कोरड्यात आणा, टो करून गॅरेजला न्या आणि चावी खिशात ठेवा.