छत्री उतरली, वायर आली

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या गच्चीवर गेलं की गंजत चाललेल्या डिश दिसतात. गावाकडे त्यांना सरळ छत्री म्हणतात. बहुतेकींचं तोंड दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे असतं, कारण ज्या उपग्रहांचं चित्र त्या पकडतात ते विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेत एकाच जागी राहिल्यासारखे दिसतात. आता यातल्या कित्येक छत्र्यांना खाली सेट टॉप बॉक्सच उरलेला नाही. टीव्ही राउटरवर चालतो.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आकडेवारीनुसार मार्च २०२४ मध्ये पैसे भरून डीटीएच, म्हणजे छत्रीवरून थेट घरात येणारा टीव्ही, पाहणारे देशात सुमारे ६.२ कोटी ग्राहक होते. वर्षभरात ते ५.७ कोटींच्या आसपास आले. यातले सगळेच इंटरनेटकडे गेले असं मात्र नाही. काहींनी महिन्याचा रिचार्ज थांबवून दूरदर्शनची फुकट फ्री डिश बसवली.

भारतात उपग्रहावरून टीव्ही आला तो शहरांसाठी नव्हे, खेड्यांसाठी. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या २,४०० गावांमध्ये शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ नावाच्या या प्रयोगात महाराष्ट्र नव्हता, पण जिथे तारेचा एक खांबही पोहोचला नाही तिथे आकाशातून चित्र उतरवता येतं, हे त्याने सिद्ध केलं. १९९१ नंतर खासगी वाहिन्या आल्या, १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली, गल्लीगल्लीत केबलवाला उभा राहिला. २००३ पासून छत्री थेट घराच्या गच्चीवर चढली, आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने आपली मोफत सेवा आणली.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. मोबाइल डेटा स्वस्त झाला, पाठोपाठ घराघरांत फायबर आलं. ते अनेक ठिकाणी ओढलं कोणी? त्याच केबलवाल्याने. त्याच्याकडे खांब होते, गच्च्यांवरून वायर न्यायची परवानगी होती, आणि कुठल्या घरी कोण राहतं हे त्याला तोंडपाठ होतं. सेट टॉप बॉक्सचे पैसे न्यायला येणारा मुलगा आता नेटचे पैसे न्यायला येतो.

प्रेक्षकाला या बदलात सगळ्यात आधी सुटका जाणवते. मालिका ठरलेल्या वेळीच पाहायची सक्ती नाही. रात्रीचा भाग चुकला तर सकाळी पोळ्या लाटताना फोनवर पाहता येतो. झी ५ वर तर पैसे भरणाऱ्याला मराठी मालिकेचा भाग टीव्हीच्या आधी मिळतो. अमेरिकेत किंवा आखाती देशांत राहणाऱ्या मराठी घरांना तिथल्या वेळेनुसार मालिका पाहता येते. मुसळधार पावसात ‘सिग्नल नाही’ अशी पाटीही झळकत नाही. डीटीएचच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, त्यामुळे कोकणात जुलै महिन्यात ऐन रंगात आलेला भाग अडकायचा. फायबरमधल्या प्रकाशाला पावसाचं काही नसतं. त्याचा शत्रू वेगळा: रस्ता खणणारी जेसीबी आणि वायरवर कोसळणारी फांदी.

पण खरा फरक त्याहून खोल आहे. उपग्रह एकच लहर खाली सोडतो. ती दहा घरांनी घेतली काय आणि दहा कोटी घरांनी घेतली काय, उपग्रहावरचा भार तेवढाच. इंटरनेटवर प्रत्येक पाहणाऱ्यासाठी वेगळा प्रवाह निघतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना चालू असताना डिस्नी प्लस हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. तितकेच स्वतंत्र प्रवाह एकाच वेळी सांभाळावे लागले. हे शक्य व्हावं म्हणून चित्राच्या प्रती प्रेक्षकांच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवतात. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जात तयार असतो, आणि तुमच्या नेटचा वेग पाहून ॲप त्यातला झेपेल तो तुकडा उचलतं. म्हणून वेग घसरला की चित्र आधी धूसर होतं आणि मगच ते गोल चक्र फिरायला लागतं. या खटाटोपात वेळ जातो. शेजारच्या डीटीएचवाल्या घरातून ‘आउट!’ अशी आरोळी येते, तेव्हा आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा या व्यवस्थेची मर्यादा सगळ्यांनी पाहिली. जाळ्यावरचा ताण कमी करण्यासाठी बड्या कंपन्यांनी मोबाइलवरच्या चित्राचा दर्जा ४८० पी इतका खाली आणला. त्याच दिवसांत दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा लागलं आणि ते पाहणाऱ्यांच्या संख्येमुळे उपग्रहाला काहीच फरक पडला नाही.

खर्चाचंही तसंच आहे. एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत डेटा घेतं. घरात फायबर असेल तर ते जाणवत नाही. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर चालणाऱ्या घरात मात्र एक चित्रपट संपायच्या आत दिवसाचा डेटा संपतो. मेळघाटातल्या पाड्यावर किंवा सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीवर, जिथे फोन लावायला टेकाडावर जावं लागतं, तिथे फ्री डिशची छत्री बसवायचा खर्च एकदाच आणि महिन्याचं बिल शून्य. तिच्यावर सह्याद्री वाहिनी दिसते, बातम्या दिसतात, भारताच्या महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र दूरदर्शनला देणं कायद्यानेच बंधनकारक असल्याने ते सामनेही दिसतात. शहरांनी छत्री उतरवली म्हणून ती जुनाट झाली असं धोरणं आखणाऱ्यांनी समजू नये. वाडीपर्यंत वायर गेल्याशिवाय या सेवेवरचा खर्च कापला, तर सर्वात आधी ज्यांच्यासाठी उपग्रह वापरला त्यांच्याच घरातला पडदा काळा होईल.

दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती सध्या दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे. फ्री डिश चालू आहेच. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या ‘इफ्फी’ या चित्रपट महोत्सवात तिने ‘वेव्ह्ज’ हे स्वतःचं ॲप सुरू केलं. तिसरी वाटही चाचपली जात आहे, ती म्हणजे टीव्हीचं प्रक्षेपण इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर. आयआयटी कानपूर आणि बंगळूरच्या सांख्य लॅब्जने त्यावर काम केलं असून बंगळूर, नोएडा आणि दिल्लीच्या कर्तव्य पथावर चाचण्या झाल्या आहेत. जमिनीवरच्या मनोऱ्यातून निघालेली एकच लहर कितीही फोनना पुरते आणि डेटा खर्च होत नाही. त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते. लोकांच्या हातात आज असलेल्या बहुतेक फोनमध्ये ती नाही.