पेंग्विनला आंघोळ घालणारे स्वयंसेवक

पेंग्विन म्हटलं की बर्फच डोळ्यांसमोर येतो ना? पण दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बर्फ नसतानाही पेंग्विन राहतात. २३ जून २००० रोजी केपटाऊनजवळ 'ट्रेझर' हे मालवाहू जहाज बुडालं. त्यातलं इंधन तेल समुद्रात पसरलं आणि रॉबेन व डासेन बेटांवरचे सुमारे १९,००० पेंग्विन तेलाने माखले.

तेल लागलं तर एवढं काय बिघडतं? कोंबडीच्या पिसावर पाण्याचा थेंब टाकून बघा, तो घरंगळून जातो. तेच पीस तेलात बुडवून परत बघा. पेंग्विनचंही तसंच होतं. तेलाने पिसं चिकटतात, मधे फटी पडतात, थंड पाणी थेट कातडीला लागतं. पक्षी गारठतो, समुद्रात जाईनासा होतो, उपाशी राहतो. चोचीने पिसं साफ करायला गेला तर तेल पोटात जातं.

१९६८ पासून समुद्रपक्षी वाचवणाऱ्या 'सॅनकॉब' या संस्थेच्या मदतीला तेव्हा हजारो स्वयंसेवक आले. काम मात्र फोटोत दिसतं तसं गोंडस नव्हतं. पेंग्विनला पोहणारा मासा पकडायची सवय असते. हातातला मेलेला मासा त्याला खाणं वाटतच नाही. म्हणून चोच उघडून मासा डोक्याच्या बाजूने घशात सरकवावा लागतो. पेंग्विन कडकडून चावतो! शिवाय विष्ठेचा वास, ओले कपडे. साबणाच्या पाण्याने अंग धुवायचं, डोळ्यांजवळ टूथब्रश हळूच फिरवायचा. मग साबणाचा अंशही उरू नये म्हणून बराच वेळ खळबळायचं, कारण साबण राहिला तरी पिसात पाणी शिरतं.

तेल न लागलेले सुमारे १९,५०० पेंग्विन गाडीने दूर पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडले. ते पोहत घरी येईपर्यंत इकडे तेल काढायला वेळ मिळाला. मला तर ही युक्ती फार आवडते. पीटर, पॅमेला आणि पर्सी या तिघांच्या पाठीवर यंत्रं बसवली होती, त्यामुळे त्यांचा परतीचा प्रवास लोकांना रोज कळत होता.

या कामात लाड करायला जागा नसते. माणसाला सरावलेला प्राणी जंगलात टिकत नाही. पैसे घेऊन सिंहाचे छावे मांडीवर देणारी ठिकाणंही त्याच देशात आहेत, पण त्याला पुनर्वसन कसं म्हणायचं?

२०२४ साली आफ्रिकन पेंग्विन 'अतिसंकटग्रस्त' ठरला. पिसं गळायच्या काळात आईबापांना समुद्रात जाता येत नाही, मग उशिरा जन्मलेली पिल्लं उपाशी पडतात. सॅनकॉबचे स्वयंसेवक आज अशा पिल्लांनाही भरवतात.