आ कोरुन्याच्या बंदरातील बावीस मुले

परदेशवारी करून आलेल्या सभासदाने स्मरणिकेसाठी प्रवासवर्णन द्यावे, हा आपल्या संस्थेचा जुना शिरस्ता. आजवर मी तो टाळत आले. इमारतींची उंची आणि हॉटेलांतील न्याहारी यांपलीकडे आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, असे मला वाटे. या वेळी मात्र सांगण्यासारखे आहे, आणि ते मुख्यतः आपल्याच व्यवसायाविषयी आहे.

२०२४ च्या मे महिन्यात माझे यजमान आणि मी स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गालिसियात गेलो होतो. मुक्काम सांतियागो दे कोम्पोस्तेला या प्रसिद्ध तीर्थक्षेत्री होता. झेंडा उंच धरून चालणाऱ्या मार्गदर्शकामागे पन्नास जणांच्या घोळक्यात धावण्याचा आम्हां दोघांनाही कंटाळा. म्हणून एक दिवस मोटार आणि मार्गदर्शक बाई असे सारे स्वतंत्र ठरवले. बेतान्सोस, फेर्रोल आणि आ कोरुन्या ही समुद्राशी नाते असलेली तीन जुनी शहरे एका दिवसात पाहायची होती. खर्च थोडा अधिक झाला. पण जेथे पाय अडखळले तेथे थांबता आले.

मार्गदर्शक बाई साधारण आमच्याच वयाच्या होत्या. मी मुलांची डॉक्टर आहे हे कळताच त्या म्हणाल्या, "मग कोरुन्या शेवटी पाहू. तिथे तुम्हाला घाई करून चालणार नाही."

तासाभरात बेतान्सोसला पोहोचलो. दोन नद्या जिथे खाडीला मिळतात तिथल्या टेकडीवरचे हे गाव एके काळी गालिसियाच्या सात प्रांतांपैकी एकाची राजधानी होते. पुढे बंदर गाळाने भरत गेले आणि वैभव ओसरले. चौदाव्या शतकातील सान फ्रान्सिस्कोच्या चर्चमध्ये फेर्नान पेरेस दे आंद्रादे या सरदाराची दगडी शवपेटी आहे. तिचा भार एक अस्वल आणि एक रानडुक्कर यांनी पाठीवर पेलला आहे. माझे यजमान अस्थिरोगतज्ज्ञ. ते बराच वेळ त्या अस्वलाच्या कण्याकडे पाहत होते!

याच गावचे गार्सिया नाव्हेइरा बंधू अर्जेंटिनात गेले, श्रीमंत झाले आणि परत येऊन त्यांनी गावासाठी शाळा बांधल्या, एक अद्भुत उद्यान उभारले. समुद्रापार गेलेली माणसे अशी परतही येतात. पुढे संध्याकाळी मला या बंधूंची आठवण वेगळ्या कारणाने झाली. दुपारी तिथली प्रसिद्ध तोर्तिया खाल्ली. अंडी आणि बटाटे एवढाच मामला. पण आतून इतकी पातळ, की आपल्याकडे कुणीही ती पुन्हा तव्यावर टाकली असती.

फेर्रोल हे आरमाराचे शहर. अठराव्या शतकात येथे भव्य नौदल गोदी उभी राहिली आणि तिच्या शेजारी काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांची माग्दालेना वसाहत आखली गेली. खाडीचे तोंड अगदी चिंचोळे. दोन्ही काठांवर समोरासमोर किल्ले, आणि शत्रूची जहाजे अडवण्यासाठी त्यांच्या दरम्यान साखळी ओढण्याची सोय होती. सान फेलिपे किल्ल्याच्या तटावर वाऱ्यात उभे असताना बाई म्हणाल्या, "ही साखळी लोखंडाची. संध्याकाळी दुसरी सांगेन."

आ कोरुन्याला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. बंदरासमोर काचेच्या सज्जांच्या घरांची रांग उन्हात लखलखत होती. मुख्य चौकात मारिया पिताचा पुतळा आहे. १५८९ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने शहराला वेढा घातला, तेव्हा पुढे सरसावून लढलेली ही स्त्री. तिचे नाव लक्षात ठेवा, असे बजावून बाईंनी आम्हाला बावीस मुलांच्या स्मारकाकडे नेले.

बाल्मिस मोहीम मी विद्यार्थिदशेत दोन ओळींत वाचली होती. परीक्षेला ती कधी येत नाही, म्हणून विसरलेही होते. तिथे उभी राहून ती पुन्हा ऐकली.

जेन्नरने १७९६ साली गोस्तन देवीची लस प्रथम दिली ती आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला. काही वर्षांतच स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींतून लशीची मागणी होऊ लागली. पण ती न्यायची कशी? दोऱ्यावर किंवा काचेच्या पट्ट्यांमध्ये वाळवलेली लस लांबच्या, उष्ण प्रवासात निकामी होई. शीतसाखळी हा शब्दही जन्माला यायचा होता. राजा चौथा कार्लोस याच्या दरबारातील वैद्य फ्रान्सिस्को हावियेर बाल्मिस यांनी उपाय काढला, तो असा : लस मुलांच्या दंडावर जिवंत ठेवायची. दोन मुलांना टोचायचे. नऊ-दहा दिवसांनी फोड भरले की त्यांतील द्रव घेऊन पुढच्या दोघांना टोचायचे. एकाच्या दंडावर फोड उठला नाही तरी साखळी तुटू नये, म्हणून दोन. ज्यांना देवी आलेली नाही आणि पूर्वी टोचलेलेही नाही अशीच मुले हवीत. आणि अशी मुले मागून देणार कोण? अर्थातच अनाथालये.

३० नोव्हेंबर १८०३ रोजी 'मारिया पिता' नावाचे जहाज या बंदरातून निघाले. आदल्याच दिवशी इकडे वऱ्हाडात अडगावला मराठी फौजा आणि वेलस्ली यांची लढाई झाली होती. ती आपण शाळेत शिकलो. जहाजावर तीन ते नऊ वर्षांची बावीस मुले होती. प्रत्येकाला सहा सदरे, दोन जोड जोडे, एक टोपी, एक फणी असे सामान दिले होते. सोबत कोरुन्याच्या अनाथालयाची व्यवस्थापिका इसाबेल सेंदाल होती. तिचा स्वतःचा मुलगाही त्या बाविसांत होता. मुलांनी फोड खाजवू नयेत, एकाचा स्राव दुसऱ्याला लागू नये, समुद्र लागून ओकणाऱ्यांना धीर मिळावा, हे सारे तिच्यावर होते. एक चूक झाली असती तर अर्ध्या समुद्रात लस संपली असती. बालरोग विभागाच्या वॉर्डात ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांना या कामाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

लस पोहोचली. पोर्तो रिको, व्हेनेझुएला, पुढे क्यूबा आणि मेक्सिको. क्यूबात मुले मिळेनात तेव्हा गुलाम मुली विकत घेऊन साखळी चालू ठेवली गेली. मोहिमेतील दुसरे डॉक्टर होसे साल्वानी दक्षिण अमेरिकेत डोंगरदऱ्यांतून लस नेता नेता १८१० मध्ये कोचाबांबा येथे वारले. बाल्मिस १८०५ मध्ये सव्वीस मेक्सिकन मुले घेऊन फिलिपिन्सला गेले आणि पुढच्या वर्षी मायदेशी परतले. बावीस मुले मात्र परतली नाहीत. त्यांच्या शिक्षणाची, पालनपोषणाची राजाज्ञा होती. ती मेक्सिकोतच राहिली. इसाबेलही तिकडेच राहिली. बेतान्सोसचे ते बंधू मला आठवले ते या क्षणी.

आजवर मी लसीकरणाचा इतिहास शास्त्रज्ञांच्या नावांनी शिकवत आले. पहिल्यांदाच तो मुलांच्या दंडांचा इतिहास म्हणून दिसला. भारताचेही तेच. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. ती लस बगदाद, बसरा अशी दंडादंडांतून आली होती. तिच्या फोडातून आणखी पाच मुलांना, आणि तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. आपल्या देशातील लसीकरणाचा आरंभ या चिमुरड्या हातावर झाला. या मुलांपैकी कुणालाही कुणी विचारले नव्हते. केले ते योग्य की अयोग्य? मोहिमेमुळे असंख्य जीव वाचले, हे खरे. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने हा प्रस्ताव पहिल्याच पानावर फेटाळला असता, हेही खरे. मला अजून निर्णय करता आलेला नाही.

मी न बोलता उभी होते. बाईंनी बाही वर करून दंडावरचा गोल वण दाखवला. मीही पदर सरकवून माझा दाखवला. आई सांगे, तुला 'देवी टोचल्या' तेव्हा घर डोक्यावर घेतले होतेस. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आमच्यानंतरच्या पिढीच्या दंडावर हा वण नाही. "अहो, फोटो काढा," मी यजमानांना म्हटले. त्या सहलीत आम्ही काढलेला सर्वांत चांगला फोटो तोच : दोन दंड, दोन वण.

दिवसाचा शेवट हर्क्युलिसच्या मनोऱ्यावर झाला. पहिल्या शतकाच्या अखेरीस वा दुसऱ्याच्या आरंभी रोमनांनी बांधलेले, सुमारे ५५ मीटर उंचीचे हे दीपगृह अजून चालू आहे. बाहेरचे दगडी आवरण अठराव्या शतकातले. आतला गाभा रोमन. जहाज निघाले तेव्हा मागे वळून पाहणाऱ्या मुलांना हाच दिवा दिसला असेल.

बेळगावला परतल्यावर दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत फिरायला गेले. आपण सारे तिथे पावले मोजत चालतो. तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे, हे त्या नावातच आहे. ते नाव मी इतक्या वर्षांत प्रथमच नीट ऐकले. मुलांच्या दंडांची जागा पुढे वासरांनी घेतली, हे केवढे मोठे पाऊल होते तेही तिथेच जाणवले.

आता माझी कबुली. निवासी डॉक्टर असताना चार वर्षांचा, एकही लस न घेतलेला मुलगा घटसर्पाने माझ्या डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून लस नाकारणाऱ्या आयांवर मी ओरडत आले. त्यांतल्या काही परत आल्याच नाहीत. माझा राग खरा होता, पण त्याने किती बाळे लशीवाचून राहिली याचा हिशेब मी कधी केला नाही.

गेल्या पावसाळ्यात खेड्यातली एक आई तान्ह्याला घेऊन आली. गोवराची लस नको म्हणाली. ताप येतो, सासू रागावते. मी खुर्ची पुढे ओढली आणि तिला त्या बावीस मुलांची गोष्ट सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "काय वो डॉक्टरबाई, त्या पोरांच्या आयांस्नी कुनी इचारलंच न्हाई काय?"

"बहुतेकांना आयाच नव्हत्या," मी म्हणाले. "तुझ्या बाळाला आहे. म्हणून तुला विचारते आहे."

घरी विचारून येते म्हणाली. गुरुवारी आली, सासूला घेऊन.