मांजरांचा दमा आणि दीर्घकालीन स्टेरॉइड-चिकित्सा

मांजर अंग चोरून जमिनीलगत बसते, मान पुढे ताणते, काही क्षण खोकते आणि पुन्हा आपल्या उद्योगास लागते. पोटात गेलेले केस बाहेर टाकण्याची ही खटपट असावी, अशी घरच्या मंडळींची समजूत होते. केसांचा गोळा मात्र बाहेर पडत नाही. मांजरांच्या दम्याचे निदान लांबणीवर पडण्याचे हे एक नित्याचे कारण होय. सयामी जातीत हा विकार अधिक आढळतो, आणि त्याचा आरंभ बहुधा तरुण किंवा मध्यम वयात होतो.

या विकारात श्वासावाटे आत गेलेल्या परागकणांसारख्या निरुपद्रवी द्रव्यांविरुद्ध शरीर अतिरेकी प्रतिक्रिया करते. श्वासनलिकांच्या अस्तरात इओसिनोफिल जातीच्या श्वेतपेशी गोळा होतात, अस्तर सुजते, चिकट स्राव वाढतो आणि नलिकांभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात. दाह वर्षानुवर्षे टिकल्यास नलिकांच्या भित्तींत कायमचे बदल होतात. निदानासाठी एकच निर्णायक चाचणी उपलब्ध नाही. क्ष-किरणचित्र निर्दोष असूनही दमा असू शकतो. शिवाय फुप्फुसकृमी व हृदयकृमी यांची शक्यता आधी दूर करावी लागते.

उपचाराचा पाया स्टेरॉइड औषधांचा, आणि चिंतेचा उगमही तोच. खोकला थांबला की पालकास वाटते, आता औषध कशाला? ही शंका स्वाभाविक असली तरी तिच्या मुळाशी असलेले गृहीतक चुकीचे आहे. तोंडावाटे स्टेरॉइड घेऊन लक्षणमुक्त झालेल्या मांजरांच्या श्वासनलिका धुवून त्या द्रवातील पेशी तपासल्या असता, त्यांपैकी बहुसंख्य मांजरांत दाह कायम असल्याचे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. तात्पर्य, खोकल्याचे थांबणे व दाहाचे शमणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अर्थात् पालकांची भीती निराधार नाही. दीर्घकाळ दिलेल्या स्टेरॉइडमुळे मांजरास मधुमेह जडू शकतो, वजन वाढते, संसर्गाचा प्रतिकार उणावतो. सुप्त हृद्रोग असलेल्या मांजरात हृदय निकामी होण्याचाही धोका संभवतो. परंतु सर्व स्टेरॉइडांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. कित्येक आठवडे परिणाम टिकणारे इंजेक्शन सोयीचे खरे, पण अपाय दिसू लागल्यावर ते परत घेता येत नाही. गोळी रोजच्या रोज कमी-अधिक करता येते. येथे प्रेडनिसोलोनच निवडावे लागते, कारण प्रेडनिसोनचे सक्रिय रूपात परिवर्तन मांजराच्या शरीरात अपुरे होते. मानवी वैद्यकातील सवयीने हा भेद दुर्लक्षिला जाण्याचा संभव असतो.

तिसरा मार्ग श्वासावाटे देण्याच्या फ्लुटिकासोनचा. मुखवटा जोडलेल्या नळीतून मांजराने सात ते दहा श्वास घेतले की मात्रा पोचते. औषध मुख्यतः श्वासनलिकांतच कार्य करीत असल्याने शरीरात इतरत्र होणारा परिणाम पुष्कळ कमी असतो. पूर्ण गुण येण्यास मात्र एक ते दोन आठवडे लागतात; म्हणून तोवर गोळी चालू ठेवून नंतर ती पायरीपायरीने कमी करतात. गोळी एकाएकी बंद केल्यास, दीर्घकाळ दबलेल्या अधिवृक्क ग्रंथी शरीराची गरज भागवू शकत नाहीत. मुखवट्याची भीती जाण्यास काही दिवस लागतात. प्रथम नुसता मुखवटा दाखवून आवडीचा खाऊ देणे हा उपाय साधा असला तरी बराच उपयोगी पडतो.

साल्बुटामोलचे स्थान निराळे आहे. ते आकुंचित स्नायू सैल करते, दाह शमवीत नाही. नित्य वापरल्यास त्याच्या प्रचलित मिश्र रूपातील एक घटक दाह वाढवितो, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून ते झटक्यापुरते राखून ठेवावे.

औषधाची मात्रा कमी राखण्यास घरातील हवाही साहाय्य करते. तंबाखूचा व उदबत्तीचा धूर, तसेच शौचपात्रातील मातीची धूळ टाळता येते. मांजर झोपलेले असता त्याचे श्वास मोजून नोंद ठेवणे हितावह असते. मिनिटास सुमारे 30 पर्यंतचा आकडा सामान्य मानतात. तो सतत चढू लागला तर मात्रेचा फेरविचार करावा लागतो. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागल्यास मात्र क्षणाचाही विलंब न करता त्यास पशुवैद्याकडे न्यावे लागते.