पैसे देणारा एक, यादीही एकच

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक उपचारासाठी येत होते. संधिगत वातासाठी जानुबस्ती व महारास्नादि काढा चालू होता, उपशयही होता. विमा कंपनीने मात्र त्यांचा दावा फेटाळला. कारण, ते चोवीस तास रुग्णालयात दाखल नव्हते. "वैद्यराज, काढा पिण्यासाठी खाटेवर निजायचे का?" या त्यांच्या प्रश्नावर आम्हांस हसू आले, उत्तर सुचले नाही. १ एप्रिल २०२४ पासून विमा कंपन्यांनी आयुष उपचारांना इतरांच्या बरोबरीने लेखावे, असा नियामकाचा आदेश आहे. परंतु आमचे बहुसंख्य रुग्ण बाह्यरुग्ण, आणि पॉलिसी बहुधा आंतररुग्णांसाठी!

सर्वांसाठी एकच शासकीय विमा असावा, हे मत वैद्यबंधूंत वारंवार ऐकू येते. त्या दृष्टीने तैवानचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे कामगार, सरकारी नोकर, शेतकरी यांच्या निरनिराळ्या योजना होत्या आणि सुमारे ४० टक्के जनता विम्याबाहेर होती. १ मार्च १९९५ रोजी त्या सर्व योजना एका सक्तीच्या राष्ट्रीय विम्यात विलीन झाल्या. दवाखाने खासगीच राहिले. खासगी विमा केवळ पूरक म्हणून उरला. चिनी वैद्यकाचे बाह्यरुग्ण उपचार प्रारंभापासूनच या विम्यात आहेत.

येथवर समाधान वाटेल. पण औषधविक्रेत्या बंधूंनी पुढचे नीट वाचावे. हा विमा कारखान्यात सिद्ध झालेल्या घन अर्काच्या चूर्णाचे पैसे देतो, भरड वनस्पती उकळून केलेल्या काढ्याचे देत नाही. तो खर्च रुग्णाचा. आपल्याकडे अशीच यादी झाली तर गोळी आत आणि क्वाथाचे भरड बाहेर. आमच्या शिक्षकांचा काढा तेव्हाही स्वखर्चानेच!

शिवाय २००० सालापासून चिनी वैद्यकाची वार्षिक रक्कम आधीच ठरते. प्रत्येक उपचारास गुण असतात. एकूण गुण वाढले की प्रत्येक गुणाचे मोल घटते. एका वैद्याने गर्दी वाढविली तर तोटा सर्वांच्या वाट्यास येतो. मात्र ही रक्कम ठरविण्याच्या वाटाघाटीत चिनी वैद्यांच्या संघटनेचे प्रतिनिधी बसतात.

आमचा कल तरीही एकाच विम्याकडे आहे. पण वाटाघाटीस बसायचे तर एका बस्तीचा खरा खर्च आपल्यापैकी किती जणांनी लिहून ठेवला आहे? आम्ही आमच्या चिकित्सालयाचा हिशेब नुकताच मांडावयास घेतला. जानुबस्तीच्या तेलापाशीच अडलो आहोत.