चिकटलाय क्लच? थांबा, भंगारात घालू नका!

क्लच म्हटलं की आपल्याला आठवतो सिग्नलचा जाम आणि दुखणारा डावा पाय. पण वाळूज एमआयडीसीही गंगापूर तालुक्यातच येते आणि इथल्या कित्येकांची शेती तासाभराच्या अंतरावर आहे. त्यांच्यासाठी हा वीकेंडचा फंडा.

माझ्या मामांचा जुना ट्रॅक्टर पावसाळाभर शेडमध्ये उभा होता. रब्बीच्या तोंडावर बाहेर काढायला गेले, तर इंजिन फर्स्ट क्लास. पण पेडल दाबूनही गिअर पडेना, नुसती करकर! मामा वैतागले, "भंगारातच घालतो आता." मिस्त्री हसले. "आबा, प्लेट चिकटलीय, गेलेली नाही."

क्लच प्लेट असते फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये. पेडल दाबलं की ती मोकळी व्हायला हवी. ट्रॅक्टर महिनोन्महिने उभा राहिला की ओलाव्याने गंज धरतो आणि प्लेट फ्लायव्हीलला चिकटते.

मिस्त्रींनी आधी पेडलचा प्ले आणि क्लचचा रॉड तपासला. कारण प्ले जास्त असला तरी क्लच पुरता सुटत नाही. मग न्यूट्रलमध्ये इंजिन चांगलं गरम केलं, बंद केलं आणि पेडल खाली दाबून लाकडाची पाचर ठोकली. रात्र तशीच गेली.

सकाळीही प्लेट सुटली नाही. तेव्हा मोकळ्या रानात, समोर कुणी नाही हे पाहून, मिस्त्री स्वतः बसले. टॉप गिअर, पेडल दाबलेलं, स्टार्टर मारला. ट्रॅक्टर हिसका देऊन निघाला. पेडल तसंच ठेवून त्यांनी ब्रेक मारला आणि खट्ट! प्लेट सुटली.

हे धाडस आपण करायचं नाही. असा ट्रॅक्टर क्लच दाबून थांबत नाही, इंजिनचा स्टॉपरच ओढावा लागतो. पोरंटोरं लांब हवीत.

एवढं करूनही नाही सुटली, तर इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. त्यात एचएमटीसारखा ट्रॅक्टर असेल तर पार्ट शोधणं आलं. त्यांचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला केंद्राने २०१६ मध्येच मंजुरी दिली.

त्यापेक्षा पावसाळ्याआधी पेडलला पाचर लावा, अधूनमधून ट्रॅक्टर चालवा. मामांनी त्या आठवड्यात हरभरा पेरला. खर्च? मिस्त्रींची मजुरी आणि दोन चहा!