वीर्यतपासणी आणि तिचे देयक

विवाहानंतर दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही, की बोल लागतो तो सुनेला. वैद्य, नवस, तपासण्या हे सारे तिच्याच वाट्याला येते. वस्तुतः सुमारे निम्म्या अपत्यहीन दाम्पत्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो. म्हणून पत्नीच्या खर्चिक तपासण्यांबरोबरच पतीची वीर्यतपासणी आरंभीच होणे इष्ट ठरते. ती सोपी आहे व तीत शस्त्र, सुई वा वेदना नाही.

तपासणीत काय पाहतात?

वीर्याचे प्रमाण, शुक्रजंतूंची संख्या, त्यांची हालचाल आणि त्यांचा आकार या चार गोष्टी प्रामुख्याने पाहिल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत संदर्भासाठी किमान प्रमाण १.४ मिलिलिटर, एकूण शुक्रजंतू ३ कोटी ९० लाख आणि हालचाल करणारे ४२ टक्के असे आकडे दिले आहेत. याहून आकडा कमी आला म्हणजे अपत्यप्राप्ती अशक्य, असा अर्थ मुळीच नाही. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरी आलेला ताप वा आजारही अहवाल बिघडवू शकतो. यास्तव एका अहवालावर निष्कर्ष न काढता तपासणी पुन्हा करावी.

नमुन्यापूर्वी दोन ते सात दिवस शरीरसंबंध टाळावा. नमुना एका तासाच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. आहुपे खोऱ्यातून मंचरला किंवा नाणेघाट परिसरातून नारायणगावला यायचे, तर ही वेळ पाळणे कठीण आहे. अशा ग्रामस्थांनी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. साध्या निरोधमध्ये नमुना घेऊ नये.

नावातच संकेत

अमेरिकेत प्रत्येक तपासणीस पाच आकडी संकेतांक असतो. केवळ संख्या व हालचाल पाहिल्यास ८९३१०, प्रमाण व आकारासह पूर्ण तपासणीस ८९३२०, आणि शुक्रजंतू आहेत की नाहीत एवढेच पाहिल्यास ८९३२१. संकेतांक चुकला, तर विमा कंपनी देयक परत पाठवते. आपल्याकडील प्रयोगशाळांच्या पावतीवर सहसा असे आकडे नसतात. तेथे तपासणीचे नाव हेच संकेतांकाचे काम करते. म्हणून नमुना देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: तपासणी पूर्ण आहे की अपुरी? संख्या, हालचाल व आकार यांचे पैसे एकत्र आहेत की निरनिराळे? पावतीवर तपासणीचे पूर्ण नाव व दिनांक येईल काय? रोगनिदान सेवेवर वस्तू व सेवा कर लागू नाही, हेही ध्यानी ठेवावे.

विमा व शासकीय सोय

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत वंध्यत्व हा सतरावा आहे. बहुतेक आरोग्य विम्यांत तो असल्याने हा खर्च मिळत नाही. काही विमापत्रांत स्वतंत्र तरतूद असते, ती वाचून पाहावी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना ही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण म्हणून केलेली ही तपासणी तीत बसत नाही.

मात्र सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये अंमलात आणला. तेव्हा खासगी प्रयोगशाळेकडे जाण्यापूर्वी मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा घोडेगाव, नारायणगाव अथवा जुन्नर येथील ग्रामीण रुग्णालयात ही सोय आहे काय, याची चौकशी अवश्य करावी.

पुरुष नसबंदीनंतरची तपासणी ही याहून वेगळी. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी वीर्यात शुक्रजंतू नाहीत, एवढीच खात्री तेथे करावयाची असते आणि त्यानंतरच प्रमाणपत्र मिळते. तोवर अन्य साधन वापरणे आवश्यक आहे. त्यासाठी पूर्ण तपासणीचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

पतीने संकोच सोडून एक नमुना दिला, तर पत्नीच्या कित्येक अनावश्यक तपासण्या वाचू शकतात आणि तिच्यावरील दोषारोपही टळतो. त्या नमुन्याचा अहवाल व पावती या दोन्ही जपून ठेवाव्यात. पुढील वैद्यकीय सल्ल्याचा आधार त्याच ठरतात.